तेलाला बसायला जागा

मिस्त्री : बाकीचं नंतर. आधी हे सांगा, हा स्क्रेपर माझ्या दारात कसा आला?

जावई : मामा, तुम्ही बसा तरी. सकाळचे साडेसात वाजलेत. शटर मी आत्ता वर केलं. कामावर कोणी आलेलंही नाही अजून.

मिस्त्री : बसायला आलो नाही मी. निवृत्त झालो त्या दिवशी हा स्क्रेपर मी अक्काच्या हातात दिला होता. चाळीस वर्षं यानं लोखंड खरवडलं मी, याची मूठ माझ्या तळहातात होती. काल संध्याकाळी ती आली, फडक्यात गुंडाळलेला हा पायरीवर ठेवला आणि म्हणाली, "मिस्त्री, आता मला याचा उपयोग नाही." पाणी घे म्हटलं, तर पाणीसुद्धा न घेता गेली. काय केलंत तुम्ही तिला?

जावई : उद्यापासून येऊ नका म्हणालो.

मिस्त्री : असं! आणि कारण?

जावई : कारण त्या कोपऱ्यात रचून ठेवलंय, बघा. एकशेचाळीस प्लेटा. पंपाच्या तोंडावर बसतात त्या. सगळ्या परत आल्या. एकेक उचला आणि उजेडात धरा, आडव्या रेघाच रेघा. रेघेतून पाणी झिरपतं, पंप गळतात. प्लेटा तासायच्या मिलिंग मशीनवर अक्काच असतात, दुसऱ्या कोणाला त्या हात लावू देत नाहीत. मग दोष मी कोणाला द्यायचा?

मिस्त्री : एकोणीस वर्षं त्या बाईनं याच मशीनवर प्लेटा काढल्या. एक परत आली होती कधी?

जावई : माणसाचं वय होतं, मामा.

मिस्त्री : वय माझं झालंय. तिचं नाही. चला, मशीन दाखवा.

जावई : मशीनमध्ये काही नाही. मशीन उलट पहिल्यापेक्षा चांगलं आहे.

मिस्त्री : पहिल्यापेक्षा? म्हणजे काय केलंत?

जावई : काही नाही, जरा सफाई.

मिस्त्री : सफाई फडक्यानं करतात, जावईबापू. तुमचा चेहरा फडक्याचा दिसत नाही. डायल आणा. मोठ्या तबकडीचा नको, लहान आणा, शंभराव्या मिलिमीटरचा. त्याची सुई टेबलाला टेकवा. हं. आता टेबलाचं चाक फिरवा. सावकाश. प्लेटेवर शेवटचा हात मारताना अक्का फिरवते तसं. आणि सुई काय म्हणते ते मोठ्यानं वाचा. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मला तबकडीवरची घरं दिसत नाहीत.

जावई : शून्य.

मिस्त्री : फिरवत राहा.

जावई : शून्य. शून्यच आहे. चाक फिरतंय, पण... शून्य... अरे!

मिस्त्री : काय झालं?

जावई : चारवर गेली.

मिस्त्री : गेली की उडाली?

जावई : ...उडाली.

मिस्त्री : पुन्हा.

जावई : चार. चार. चारच. चाक फिरतंय मामा, सुई हलत नाही. आणि एकदम आठ.

मिस्त्री : झालं! ही तुमची रेघ. टेबल अडतं, मग चाकाचा जोर साठतो, मग ते उडी मारतं, पुन्हा अडतं. प्रत्येक उडीला एक रेघ. अक्काचा हात कापत नाहीये, तुमचं टेबल ठेचकाळतंय. आता टेबल पार उजव्या टोकाला न्या. खालच्या पट्ट्या उघड्या करा. ज्यांच्यावर ते सरकतं त्या.

जावई : मामा, त्या...

मिस्त्री : न्या म्हणतो ना!

जावई : नेलं.

मिस्त्री : हे काय आहे?

जावई : पट्ट्या.

मिस्त्री : मला यात माझं तोंड दिसतंय. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्याच्या मिशीचा केस न् केस दिसतोय. माझे टिपके कुठे गेले?

जावई : ग्राइंड करून घेतल्या. बाहेरून. टेबलाची खालची बाजूसुद्धा. दोन महिने झाले. त्यांच्याकडे मोठं मशीन आहे, वर पॉलिशही मारून दिलं. आरशासारखं.

मिस्त्री : आरशासारखं! दाढी करायची होती का इथे? अहो, एकेका चौरस इंचात वीस वीस टिपके मी हातानं काढले होते. निळी शाई लावायची, सपाट पाट घासायचा, जिथे शाई लागली तो उंचवटा हलकेच खरवडायचा. पुन्हा शाई, पुन्हा घासणं, पुन्हा खरवडणं. सव्वीस दिवस लागले होते सव्वीस!

जावई : तेच मी म्हणतो. सव्वीस दिवस खर्चून जे खडबडीत राहिलं, ते दीड दिवसात गुळगुळीत झालं. गुळगुळीत असलं की घसरणार, खडबडीत असलं की अडणार. हे शाळेतल्या पोराला कळतं.

मिस्त्री : शाळेतल्या पोराला तेवढंच कळतं. चहाचा कप ओल्या बशीतून उचलताना बशी वर आलेली पाहिली आहे कधी?

जावई : आता चहा कुठून आला?

मिस्त्री : पाहिली आहे का, ते बोला.

जावई : पाहिली आहे.

मिस्त्री : बशी गुळगुळीत, कपाचं बूड गुळगुळीत, मध्ये पाणी. मग घसरायला हवं की नाही? ते तर एकमेकांना धरून बसतात. तुमच्या कपाटात मापाचे ठोकळे आहेत, आरशासारखे. दोन ठोकळे एकमेकांवर दाबले की सोडवताना घाम फुटतो. का? मध्ये काही उरतच नाही. हे टेबल साडेतीनशे किलोचं. ते या आरशावर बसलं की खालचं तेल जाईल कुठे? कडेनं बाहेर. मग लोखंडावर लोखंड. माझ्या टिपक्यांमध्ये खळगे होते. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढे खोल, बस्स. त्यात तेल बसून राहायचं. टेबल टिपक्यांवर टेकायचं आणि खळग्यातलं तेल जरा जरा वर येत राहायचं. देवानं तळहाताला रेघा दिल्या त्या काय ज्योतिषांची पोटं भरायला? तुम्ही तेलाची घरं पाडलीत आणि वर फरशी घातलीत.

जावई : मामा, मी काही डोळे मिटून केलं नाही. पट्ट्या परत बसवल्या त्या दिवशी स्वतः चालवून पाहिलं. टेबल असं पळत होतं, लोण्यासारखं.

मिस्त्री : पळत होतं ना? मोटरवर? जोरात?

जावई : हो.

मिस्त्री : जोरात पळणाऱ्या टेबलाखाली तेल आपसूक ओढलं जातं, त्याला उचलून धरतं. खाली आरसा असो की कौल असो, पळताना सगळी टेबलं गुणी असतात. प्लेटेवर शेवटचा हात कसा मारतात? मुंगीच्या चालीनं. मुंगीच्या चालीनं पाहिलंत?

जावई : ...नाही.

मिस्त्री : आणि हे तेल कोणतं? बोटाला लागल्यासारखंही वाटत नाही. पाण्यासारखं पळतंय.

जावई : ते बदललं. जुनं फार चिकट होतं, बोटाला तार सुटायची त्याची. तेलवाला म्हणाला, पातळ घ्या, टेबल हलकं चालेल. आणि चाललं.

मिस्त्री : पळताना चाललं! एकीकडे तेलाची घरं पाडली, दुसरीकडे थांबणारं तेल काढून पळणारं घातलं. आणि टेबल अडायला लागलं तर बाईला घरी पाठवलं. जुन्या तेलाचा डबा आहे?

जावई : मागे असेल एक.

मिस्त्री : आणा. आणि फडकं आणा, कोरडं. पट्ट्या पुसा. नीट, कोपऱ्यातून. जावई म्हणून सांगत नाही, मशीन माझं आहे म्हणून सांगतोय. हं, ओता आता. टेबल चारदा इकडून तिकडे न्या. डायल लावा. वाचा.

जावई : शून्य. शून्य... दीड. तीन. साडेचार. मामा, उडी कमी झाली!

मिस्त्री : कमी झाली, गेली नाही. त्या तेलात धातूला धरून राहायचा गुण आहे, अडलेल्या टेबलाला ते पहिलं पाऊल हलकं टाकू देतं. तुमच्या पातळ तेलात तो नाही. पण उगाच हरखू नका. आता टेबल असंच उभं राहू द्या. पंधरा मिनिटं. मग पुन्हा मोजू.

अक्का : मोजा. मी माझा डबा घ्यायला आलेय. कपाटात राहिलाय.

मिस्त्री : अक्के! ये. इकडे ये आणि हे बघ.

अक्का : बघितलंय, मिस्त्री. दोन महिने तेच तर बघतेय. मी चाक फिरवते आणि ते ऐकत नाही. मी यांना सांगितलं, साहेब, टेबल अडतंय. तर म्हणाले, नवं आहे, बसेल. पुन्हा सांगितलं, तर म्हणाले, तुमची सवय बदला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा काय म्हणाले, ते त्यांनाच विचारा. चार माणसं उभी होती.

मिस्त्री : काय म्हणालात?

जावई : रागात होतो मी. प्लेटा नुकत्याच परत आल्या होत्या.

अक्का : मी सांगते. म्हणाले, "अक्का, हात थरथरायला लागला की माणसानं आपण होऊन बाजूला व्हावं." हे बघा माझे हात. आहे थरथर? या हातांनी मी अजून सुईत दोरा ओवते, चष्म्याशिवाय. रात्रभर मी हात उशीवर ठेवून बघत होते, खरंच थरथरतात की काय. स्वतःच्या हाताबद्दल शंका आली मला, साहेब. प्लेटा परत आल्याचं दुःख नाही. याचं आहे.

मिस्त्री : हात थरथरायला लागला की? हे वाक्य कुठून आणलंत तुम्ही?

जावई : मामा, सोडा ना.

मिस्त्री : नाही सोडत. या शब्दांचं घर दुसरीकडे आहे. आणि मला सांगा, टिपके घासून टाकायची बुद्धी तुम्हाला झालीच का? मशीन चालत होतं. प्लेटा जात होत्या. चालत्या मशीनचं पोट कोण फाडतं?

जावई : मला नाही सांगायचं.

मिस्त्री : मग मी इथेच बसतो. आता बसायला सांगितलंत तरी उठणार नाही.

जावई : मामा, तुम्हाला लागेल.

मिस्त्री : लागू द्या.

जावई : गिऱ्हाइकाचा तपासनीस आला होता. तुम्ही शेवटचं खरवडलं होतं ना, निवृत्त व्हायच्या आधी? ते. टेबल टोकाला होतं आणि डावीकडच्या पट्ट्या उघड्या होत्या. तिथले टिपके... उजवीकडच्यासारखे नव्हते. काही लांब ओढलेले, काही एकमेकांवर चढलेले. तो वाकून बघायला लागला आणि हसला. म्हणाला, "हे कोणी खरवडलंय, कोंबडीनं?" त्याच्याबरोबरचे दोघंही हसले.

मिस्त्री : मग?

जावई : मग काय? मी काही बोललो नाही. बोलता आलंच नाही. या वर्कशॉपमध्ये मला आणलं तुम्ही, फाइल धरायला शिकवलं तुम्ही. मला वाटलं, उद्या आणखी कोणी येईल, आणखी हसेल, आणि एक दिवस तुम्ही समोर असाल. म्हणून सगळंच घासून टाकलं. एक टिपका ठेवला नाही. कोणाला दिसायलाच नको. घरी तुमच्या लेकीलाही सांगितलं नाही.

मिस्त्री : आणि टेबल अडायला लागलं तेव्हा कळलं नाही?

जावई : कळलं. दहा-बारा दिवसांपूर्वी शंका आली, म्हणूनच डायल लावून कधी बघितलं नाही. पण ग्राइंडिंगमुळे झालं म्हटलं, की ते का केलं हेही सांगावं लागणार होतं.

मिस्त्री : म्हणून तिला सांगितलंस, तुझा हात थरथरतो? थरथरला माझा हात! त्याची अब्रू झाकायला तू तिच्या हाताची अब्रू काढलीस? चार माणसांत? अरे, मला दया नको होती तुझी! मला विचारायचं होतंस. मी म्हटलं असतं, हो बाबा, थरथरतो, कोंबडीच आहे मी, पण कोंबडीनं उकरलेल्या जागी तेल राहतं, हे त्या हसणाऱ्याला सांग! एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही तुझ्या?

जावई : बावीस वर्षांत पहिल्यांदा "तू" म्हणालात मला.

मिस्त्री : तोंडातून गेलं.

जावई : जाऊ द्या. तेच बरं वाटलं आज. नुसतं "जावईबापू" म्हणता, तेव्हा जास्त भीती वाटते.

अक्का : पंधरा मिनिटं झाली. डायल बघा.

जावई : बघतो. शून्य. शून्य. शून्य... चार. पुन्हा होतं तिथेच आलं.

अक्का : येणारच. चांगलं तेल घातलंत, पण थांबायला जागा कुठे आहे त्याला? टेबलानं दाबून बाहेर काढलं. ते बघा, कडेला ओघळ आलाय.

मिस्त्री : बघा, हिला कळतं. आणि हिला घरी पाठवलंत. तेल असं दाट हवं, की...

अक्का : मिस्त्री, दाट दाट करू नका. एका वर्षी तुम्ही हट्टानं गिअरचं तेल घातलं होतं. टेबल पळताना तरंगायला लागलं. एका बाजूला प्लेट जाड, एका बाजूला बारीक. आठवतं? चार दिवस पट्ट्या पुसत होते मी.

मिस्त्री : ते आजच काढायला हवं होतं का?

अक्का : आजच. आज सगळ्यांचंच निघतंय, तर तुमचं का राहावं?

जावई : अक्का, एक विचारू? ते डावं टोक. तुम्ही रोज बघत होतात. तुम्हाला माहीत होतं?

अक्का : माहीत होतं म्हणजे? सव्वीस दिवस बत्ती मीच धरून उभी होते. शेवटच्या आठवड्यात यांचा हात थरथरायला लागला. हे माझ्याकडे पाठ करायचे, मला दिसू नये म्हणून. मी बत्ती धरून दुसरीकडे बघायचे, यांना कळू नये म्हणून.

मिस्त्री : मला वाटलं, तुला दिसलं नाही.

अक्का : मला वाटलं, तुम्हाला वाटतंय ते बरं आहे. पण एक सांगते, आता लपवण्यासारखं काही राहिलं नाहीये म्हणून. उजवीकडची पट्टी देखणी होती. सोमवारी सकाळी ती कोरडी मिळायची, तेल घालावं लागायचं. डावीकडची कधीच नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. तिथे बोट फिरवलं की बोट ओलं.

मिस्त्री : खरं सांगतेस?

अक्का : तुमचं मन राखायला मी काल स्क्रेपर परत नसता आणला.

जावई : अक्का, माझं चुकलं. उद्यापासून... म्हणजे आजपासूनच तुम्ही या.

अक्का : असं नाही, साहेब. बोललात चार माणसांत आणि चुकलं म्हणता शटरच्या आत, कोणी नसताना. दहाच्या सुट्टीत चारही जण ओट्यावर बसतात. तिथे या आणि सांगा. मशीन मी बिघडवलं, अक्काचा हात चोख आहे. एवढंच. मिस्त्रींच्या हाताचं नाव नाही काढायचं.

मिस्त्री : काढा! माझंही काढा. सगळं सांगा. मी बसेन तिथे. लपवालपवीनंच हे एकशेचाळीस प्लेटांचा ढिगारा झालाय.

जावई : सांगतो. गिऱ्हाइकालाही तसंच लिहितो. मशीन दुरुस्त होईपर्यंत माल मिळणार नाही. थांबले तर थांबले.

मिस्त्री : लिहा. पण दुरुस्त कोण करणार? मी आता हा स्क्रेपर धरला, तर कोंबडीही नावं ठेवील.

अक्का : द्या इकडे.

मिस्त्री : तुला येतं?

अक्का : नुसती बत्ती धरून उभी होते असं वाटलं तुम्हाला? निवृत्त होताना मग दिलात कशाला? भिंतीवर लावायला? निळी शाई कुठे आहे? तुम्ही खुर्ची घ्या आणि चुकलं तिथे ओरडा. तेवढं येतं तुम्हाला अजून.

(टेबल उतरवून बाजूला ठेवलेलं. उघड्या पट्टीवर निळ्या शाईचे ठिपके. अक्का वाकून पहिला हात घालते.)

मिस्त्री : खांद्यातून नको, कमरेतून ढकल. हं. उथळ. आणखी उथळ. आता पुढचा याला आडवा काढ. सगळे एकाच दिशेला गेले की तेल एकाच दिशेला पळेल. असं. बरं आहे. फार सरळ रांगेत नको गं, कवायत नाहीये.

अक्का : ओरडा म्हटलं होतं, बडबडा नाही.

जावई : आणि मी काय करू? असा उभा राहू का नुसता?

मिस्त्री : बत्ती धरा.

जावई : ही अशी?

मिस्त्री : वरून नको. कडेनं धरा, तिरकी. सरळ उजेडात खळगे दिसत नाहीत.